हैबतरावांची विडी आणि सोबतीची मंडळी

एका जंगलात एक अस्वल विडी ओढत बसलं होतं.

हसता काय रे? अस्वलाने विडी ओढू नये असं कुठे लिहिलंय? तेंदूची पानं कुठे असतात? जंगलात. अस्वल कुठे असतं? जंगलात. झालं तर मग! तुमचे काका शहरात राहून ओढतात ते चालतं. आता गप्प बसा, आणि मागच्या बाळाने नाकातलं बोट काढावं, म्हणजे मला पुढे सांगता येईल.

तर या अस्वलाचं नाव हैबतराव. अंगाने धिप्पाड, केसाळ, आणि स्वभावाने इतके भिडस्त की मुंगीलासुद्धा 'जरा सरकता का' म्हणायचे. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. खोड म्हणाल तर एकच. सकाळी उठून विडी ओढायची. विडीने खोकला आला की खोकला थांबावा म्हणून दुसरी ओढायची. दुसरीने तोंड कडू झालं की तिसरी.

तंबाखू एक कावळा गावातल्या टपरीवरून उचलून आणायचा. पानं हैबतराव स्वतः निवडायचे, स्वतः कापायचे, स्वतः वळायचे. विडी वळण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. एवढी चांगली कला, पण घरात कौतुक नाही. त्यांची बायको कोंडाबाई म्हणायची, "मी मेले तरी तुम्ही आधी विडी पेटवाल आणि मग रडाल."

"छे छे," हैबतराव म्हणायचे, "रडत रडतच पेटवीन."

असा संसार चालला होता. आणि मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं.

मुलीचं नाव झिपरी. हैबतरावांचा तिच्यावर भारी जीव. ती लहान असताना तिला पाठीवर घेऊन ते अख्खं जंगल फिरायचे. या झिपरीला नदीपलीकडच्या रावजी अस्वलाचा मुलगा आवडला. मोहाच्या झाडाखाली दोघं फुलं वेचायला यायची, आणि फुलं संपली तरी वेचतच राहायची. आई-बापांना कळायचं ते कळलं. सुपारी फुटली.

आता अस्वलांत हुंडा नसतो, तेवढं त्यांचं बरं आहे. पण मुलाकडच्यांना अडून बसायला काहीतरी लागतंच की नाही? म्हणून अस्वलांत एक रीत आहे. लग्नाच्या दिवशी मांडवासमोरचं वारूळ मुलीच्या बापाने एका फुंकरीत उघडं करायचं. नखाने वर एक भोक पाडायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, आणि फू! माती उडाली, आतली वाळवी दिसली, की वऱ्हाड जेवायला बसतं. वाळवी म्हणजे अस्वलांची बासुंदी. माती नाही उडाली तर वऱ्हाड उपाशी, आणि उपाशी वऱ्हाड नवरा घेऊन आल्या पावली परत. बापाला दम नाही म्हणजे घराण्यातच दम नाही, असा हिशेब.

मुलाच्या बापाला काय करावं लागतं? काही नाही. त्याने बघायचं आणि नाक मुरडायचं.

सुपारी फुटल्यावर हैबतरावांनी म्हटलं, जरा सराव करून बघू. घरामागे एक लहानसं वारूळ होतं. त्यांनी भोक पाडलं, छाती भरून घेतली आणि फुंकले.

फुस्स. ख्वॉक, ख्वॉक, ख्वॉक.

मातीचा कणसुद्धा हलला नाही. थोड्या वेळाने भोकातून एक म्हातारी वाळवी बाहेर आली. "कोण खोकतंय ते?" ती म्हणाली. "आजारी दिसता. आत या म्हटलं असतं हो, पण जागा लहान आहे."

हैबतराव वळले तर मागे झिपरी उभी. तिने सगळं पाहिलं होतं. ती द्रोणात पाणी घेऊन आली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "राहू द्या बाबा. नाही झालं माझं लग्न तर काय आभाळ कोसळतंय?" आणि तोंड फिरवून आत गेली.

 पोरगी रडायला आत गेली हे न कळायला हैबतराव काही रावजी नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे विड्यांचं बंडल नदीत फेकलं. आणि ऊन उतरायच्या आत नदीत उतरून तेच बंडल शोधू लागले.

मग त्यांनी लवंग चघळली. बडीशेप चघळली. कोंडाबाईचा ओरडा खात चुलीजवळचं लाकूड चघळलं. झिपरीच्या गळ्याची शपथ घेतली, आणि विडीची तल्लफ आली तेव्हा मनातल्या मनात 'सुटली, सुटली' म्हणून शपथ सोडवूनही टाकली. तुम्ही करता तसंच. लाज वाटली त्यांना, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाज वाटली की माणूस काय करतो? विडी ओढतो. अस्वलही तेच करतं.

शेवटी त्यांचा मेहुणा आला. कोंडाबाईचा भाऊ, सुभान. प्रत्येक घरात एक सुभान असतो. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं, फक्त त्याचं स्वतःचं काही धड नसतं.

"दाजी," सुभान म्हणाला, "तुम्ही कुठल्या जमान्यात राहता? हल्ली कुणी विडी सोडत नाही. सोडवून घेतात! डॉक्टर सरड्यांकडे चला. संमोहन! डोळ्यांत बघतात, झोप लागते, उठलं की विडी सुटलेली. तुम्हाला काही करावं लागत नाही."

आपल्याला काही करावं लागत नाही म्हटल्यावर हैबतरावांना तो उपाय एकदम पटला.

आता हे डॉक्टर रंगनाथ सरडे कोण, ते ऐका. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपल्याकडे म्हणतात. हे कुंपणापलीकडे जाऊन शिकून आले होते. काय शिकून आले ते अलीकडच्या कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे मोठं नाव झालं. पूर्वी ते भगवे होऊन पत्रिका बघायचे. मग हिरवे होऊन घराच्या दिशा सांगायचे. हल्ली पांढरे असायचे, पण पांढऱ्या रंगाला त्यांना फार जोर लावावा लागे, आणि बोलता बोलता शेपटीचं टोक हिरवं पडे.

आणि हा काही कुंपणावरचा साधा सरडा नव्हे बरं. घोयऱ्या सरडा! त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, खोबणीतून बाहेर आलेले, आणि दोन्ही वेगवेगळे फिरणारे. एक डोळा रोग्याकडे असला तर दुसरा रोग्याने आणलेल्या डब्याकडे. ही गोष्ट लक्षात ठेवा. हैबतरावांनी ठेवली नाही.

ठरल्या दिवशी हैबतराव निघाले. पण एकटे कसे जाणार? त्या जंगलात दवाखान्यात एकट्याने जायची पद्धत नव्हती. एकटा गेला तर लोक म्हणत, घरात भांडण दिसतंय. त्यामुळे सुभान निघाला. गोपाळराव ससे निघाले, कारण ते शेजारी. तरसीण मावशी निघाली, कारण ती कुणाच्याही आजारपणाला जायची, आवड म्हणून. शिवाय हरणं, रानडुकरं, साळिंदरं आणि कुणाच्या तरी घरी पाहुणा आलेला एक मोर. कोंडाबाई तेवढी घरी राहिली. तिला लग्नाचे लाडू वळायचे होते.

या सगळ्या मंडळींत विडीला बोट लावलेलं एक जण नव्हतं. सगळे कसे निर्मळ. हेच तर सोबतीचं पुण्य!

"पेशंट कोण?" डॉक्टर सरड्यांनी विचारलं.

"मी सांगतो," सुभान म्हणाला.

"खोकला फार आहे त्यांना," मावशी म्हणाली. "आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. माझ्या नणंदेला असाच होता. गेली बिचारी."

"मी म्हणतो मनाचा निग्रह पाहिजे," गोपाळराव म्हणाले. "मला बघा. आयुष्यात कधी ओढली नाही."

हैबतराव खाली मान घालून उभे होते. पेशंटचा मान म्हणून त्यांना बरोबर मधोमध, डॉक्टरांच्या नाकासमोरच्या शिळेवर बसवलं. पूजेला यजमान बसवतात तसं. सोबतीची मंडळी अर्धी डावीकडे बसली, अर्धी उजवीकडे.

"माझ्या डोळ्यांत बघा," डॉक्टर खर्जात म्हणाले.

"कुठल्या?" हैबतरावांनी अदबीने विचारलं.

"कुठल्याही."

हैबतराव डाव्या डोळ्यात बघायला गेले तर तो गरगरत डावीकडच्या मंडळींवर गेला. उजव्यात बघायला गेले तर तो उजवीकडच्या मंडळींवर. दोन्हींकडे एकदम बघायला गेले तर स्वतःचेच डोळे तिरळे झाले. मधे होतं ते फक्त डॉक्टरांचं नाक. शेवटी त्यांनी नाकाकडे बघायला सुरुवात केली. नाकासमोरून एक माशी गेली. चट्! डॉक्टरांची जीभ बाहेर आली आणि माशीसकट आत गेली. हैबतराव एवढे दचकले की आलेली जांभईसुद्धा पळाली.

"अंग जड होतंय," डॉक्टर माशी गिळत म्हणाले. "पापण्या मिटतायत. झोप... झोप... आता तुमच्या मनात एकच इच्छा आहे. विडी सोडायची. उठल्यापासून एकच ध्यास, विडी सोडायची. विडी सोडल्याशिवाय चैन नाही, घास गोड नाही. विडी सोडायची... विडी सोडायची..."

डावीकडे धप्पकन आवाज झाला. तरसीण मावशी आडवी झाली होती. उजवीकडे गोपाळराव बसल्या जागी घोरू लागले. मग सुभान, मग हरणं, मग डुकरं, मग मोर, पिसाऱ्यासकट. दोन्ही बाजू गाढ झोपल्या. जागा राहिला तो एकटा पेशंट, आणि तो मनात विचार करत होता की, हे आटपेपर्यंत जांभळीमागे जाऊन एक मारून यायला वेळ मिळेल का.

पण उठून जाणं बरं दिसेना. डॉक्टरांना वाईट वाटायचं. त्यांनीही डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी टाळी वाजवली. सगळे उठले. "कसं वाटतंय?"

"छान," हैबतराव म्हणाले. कुणी आपल्यासाठी एवढं करतंय म्हटल्यावर 'काहीच झालं नाही' असं तोंडावर कसं सांगायचं?

"गुण आला," डॉक्टर म्हणाले, आणि एका डोळ्याने निरोप देत दुसऱ्याने हैबतरावांनी आणलेला लाडवांचा डबा बघू लागले.

परतीच्या वाटेवर हैबतराव जांभळीमागे गेले आणि त्यांनी विडी पेटवली. झुरका घेता घेता त्यांना झिपरीचं तोंड आठवलं. एवढी माणसं आपल्यासाठी कामधंदा टाकून आली, डॉक्टरने एवढी विद्या लावली, आणि आपण असे दळभद्री की आपल्याला साधी झोपसुद्धा लागली नाही. त्यांना रडू आलं. रडता रडता त्यांनी दुसरी पेटवली.

दुसऱ्या दिवशी उजाडायला गोपाळराव दारात हजर. डोळे लाल, कान लोंबलेले.

"हैबतराव, विडी आहे का हो?"

"गोपाळराव, तुम्ही? तुम्ही कधीपासून ओढायला लागलात?"

"शिव शिव! ओढायची कुणाला आहे? सोडायची आहे. पहाटेपासून जीव नुसता कासावीस झालाय. विडी सोडल्याशिवाय घास उतरत नाही. पण सोडू काय, कपाळ? घरात सोडायला एक विडी नाही."

काल हा माणूस आपल्यासाठी दिवस मोडून आला होता. त्याला एका विडीला नाही म्हणायचं? हैबतरावांनी विडी दिली, पेटवूनही दिली. गोपाळरावांनी झुरका घेतला, खोकले, डोळ्यांतून पाणी काढलं, विडी चिरडली आणि लांब भिरकावली.

"सोडली!" ते ओरडले. "आहाहा, काय हलकं वाटतंय म्हणून सांगू!"

आणि टुणटुण उड्या मारत गेले. दुपारी परत आले. सकाळची सोडून झाली होती ना, आता दुपारची.

तोवर तरसीण मावशी आली. सुभान आला. हरणं आली. डुकरं तर सहकुटुंब आली. हैबतरावांच्या गुहेबाहेर ही रांग. सगळे एकच म्हणत होते, "आम्हाला ओढायची नाही हो. सोडायला एक द्या."

हैबतराव मागेपुढे करू लागले. पण कोंडाबाईने एका नजरेत सगळं ओळखलं. बाई हुशार. तिने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी विड्या वाटायला सुरुवात केली. "या, या! घ्या! लाजू नका, आपलंच घर आहे." शिळेखालचं बंडल तिने काढलं. ढोलीतलं काढलं. हैबतरावांना वाटत होतं की छताच्या फटीतलं कुणालाच ठाऊक नाही. तेही काढलं.

"अगं, निदान एक राहू दे," हैबतराव कुजबुजले.

"दारात पाहुणे आलेत आणि यजमान आधी ओढणार? शोभतं का हो?"

शोभत नव्हतं. 

काही दिवसांतच सोडणाऱ्यांनी रीतसर 'विडीमुक्त मित्रमंडळ' काढलं. गोपाळराव अध्यक्ष. एकट्याने विडी सोडली तर साक्षीदार कोण? म्हणून सगळ्यांनी सकाळ-संध्याकाळ नदीवर जमायचं, एक झुरका घ्यायचा, आणि ढोल वाजवून विडी पाण्यात सोडायची. गणपती सोडतात तशी. मग एकमेकांना हार घालायचे. अध्यक्षांचा तर इतक्यांदा सत्कार झाला की त्यांच्या बिळात शाली मावेनात. खालच्या डोहातल्या मगरीला खोकला लागला, पण तिला मंडळात घेतली नव्हती, त्यामुळे तिचं कुणी विचारात घेतलं नाही.

हैबतरावांनी कावळ्याला गाठलं. "बाबा रे, चिमूटभर तंबाखू दे."

"कुठून देऊ?" कावळा म्हणाला. "सगळा माल मंडळाने आधीच बांधून घेतलाय. ओढणारे होते तोवर माझा धंदा बेताचा होता हैबतराव. सोडणारे आले आणि सोनं झालं!"

तेंदूच्या झाडांवर तर पान उरलं नव्हतं.

मग मात्र हैबतरावांचे हाल कुत्रा खाईना. डोकं ठणकायचं. बायकोवर खेकसले. झाडावर खेकसले. एका खडकाशी तर त्यांनी अर्धा दिवस भांडण केलं, आणि खडक उलट बोलत नाही म्हणून आणखी चिडले. शेवटी अगदीच असह्य झालं तेव्हा मंडळाच्या बैठकीला गेले आणि हात जोडून म्हणाले, "मलाही सभासद करून घ्या. संध्याकाळची एक मिळाली तरी चालेल."

गोपाळरावांनी शाल सावरली. "तुमची तपश्चर्या काय हैबतराव? तुम्हाला मिळत नाही म्हणून तुम्ही ओढत नाही. आम्ही हातातली सोडतो. रोज सोडतो. तुम्ही एकदा तरी सोडलीत का?"

 हैबतराव मान खाली घालून घरी आले.

दिवस गेले. आणि एका सकाळी हैबतरावांना जाग आली ती एका वासाने. गोड, जड, ओळखीचा वास. त्यांना वाटलं, कोंडाबाई काहीतरी तळतेय. वासाच्या मागे मागे गेले तर मोहाचं झाड! फुलांचा सडा पडला होता. इतकी वर्षं हे झाड घराजवळ होतं आणि त्याला वास आहे हे ते साफ विसरून गेले होते.

झाडाखाली झिपरी बसली होती.

"बाबा, तुम्ही इथवर चढून आलात? खोकला नाही आला?"

हैबतराव थबकले. खरंच की! त्यांनी छातीला हात लावून पाहिला. मग तडक घरामागच्या वारुळाकडे निघाले. भोक पाडलं. श्वास घेतला. तो जात राहिला, जात राहिला, संपेचना. आणि मग, फू!

वारुळाचा वरचा मजला चिंचेपलीकडे जाऊन पडला. म्हातारी वाळवी शेंड्यावर लटकून ओरडली, "अहो, खोकत होतात तेच बरं होतं!"

झिपरी हसत सुटली. हसता हसता तिने बापाला मिठी मारली, आणि हैबतराव एवढे मोठे अस्वल, पण लहान पोरासारखे रडले. या वेळी विडी पेटवायची त्यांना आठवणसुद्धा झाली नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. रावजी वऱ्हाड घेऊन आले. डोक्याला मोठा फेटा, तोंडात विडी, आणि दर चार पावलांवर ख्वॉक. मांडवासमोरच्या वारुळाकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "आमच्याकडे, ख्वॉक, वारुळं याच्या दुप्पट असतात. बघू, ख्वॉक, मुलीच्या बापाचा दम."

हैबतराव पुढे झाले. झिपरीने आईचा हात घट्ट धरला होता.  हैबतरावांनी देवाचं नाव घेतलं आणि फुंकले.

माती उडाली. रावजींचा फेटा उडाला. मांडवाचं एक तोरण आणि अध्यक्ष गोपाळराव शालीसकट उडाले, ते पलीकडच्या बोरीत सापडले. वाळवी उघडी पडली, वऱ्हाड तुटून पडलं, अक्षता पडल्या. झिपरीचं लग्न लागलं.

खरं म्हणजे इथेच मी गोष्ट संपवायला हवी. पण गोष्ट गोड झाली की तिचा शेवट कुणीतरी सुभान करतो.

जेवण झाल्यावर रावजी फेटा झटकत आले. "मानलं बुवा व्याही! आम्ही तर ऐकलं होतं, तुम्ही विडीत बुडालेले. मग हा एवढा दम आला कुठून?"

हैबतराव खरं सांगणार होते. 'अहो, या सगळ्यांनी माझ्या विड्या संपवल्या,' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण व्याह्यासमोर आपल्याच गावकीची अब्रू कशी काढायची? ते घुटमळले. तेवढ्यात सुभान पुढे सरसावला. "डॉक्टर सरडे! संमोहन! मीच नेलं होतं."

डॉक्टर सरडे पंगतीतच होते. लग्न म्हणून जरीकाठी रंगात आले होते. "खरं का व्याही?" रावजींनी विचारलं.

"हो हो," हैबतराव म्हणाले. "गुण आला."

भीड भिकेची बहीण, ती उगीच नाही.

"मग मलाही आत्ताच बसवा!" रावजी म्हणाले.

शिळा आणली. व्याही म्हणजे मान केवढा! त्यांना बरोबर मधोमध, डॉक्टरांच्या नाकासमोर बसवलं. पण एकट्याने कसं बसायचं? सोबत कोण? सगळ्यांनी हैबतरावांकडे पाहिलं. मुलीच्या बापाला नाही म्हणायची सोय नसते. ते उजवीकडे जाऊन बसले.

"माझ्या डोळ्यांत बघा," डॉक्टर म्हणाले.

हैबतरावांनी मनात म्हटलं, काही होत नाही, मागच्यासारखे मिटून घेऊ. पण मागच्या वेळी समोर नाक होतं. आज समोर अख्खा डोळा होता. तो आधी हळूहळू फिरला, मग भराभर फिरला, मग मांडव फिरला, आणि त्या फिरण्यात लांबून कुणीतरी म्हणत होतं, विडी सोडायची... विडी सोडायची... हैबतरावांनी शेजारी डॉक्टरांकडे पाठ करून बसलेल्या कोंडाबाईच्या खांद्यावर मान टाकली आणि ते घोरू लागले.

मधे रावजी टक्क जागे होते. टाळी वाजल्यावर तेही म्हणाले, "छान."

सकाळी पाठवणी झाली. झिपरी बापाच्या गळ्यात पडून रडत होती. हैबतरावही रडत होते, पण त्यांचे पाय एका जागी ठरत नव्हते.

"काय होतंय बाबा?"

"काही नाही गं पोरी. जीव नुसता कासावीस झालाय."

पोरगी सासरी चालली, बापाला होणारच, असं म्हणून बायकांनी डोळे पुसले. हैबतरावांनी झिपरीला सोडलं आणि रावजींपुढे हात पसरला.

"व्याहीबुवा, एक विडी द्या."

 रावजी बघतच राहिले. "अहो, तुम्ही तर सोडलीत!"

"सोडायचीच तर आहे," हैबतराव काकुळतीने म्हणाले. "पण सोडायला आधी हातात नको का?"

कोंडाबाईने कपाळावर हात मारला. रावजींना काय, सोबत मिळाली. त्यांनी खुशीत बंडल काढलं, एक व्याह्याला दिली, एक स्वतः पेटवली. गोपाळराव आणि मंडळींनी मागे लगेच रांग धरली.

झिपरी नदी ओलांडून पलीकडच्या काठाला पोचली, तेव्हा तिला मागून बापाचा खोकला ऐकू आला. ती रडायची थांबली होती, ती पुन्हा रडायला लागली.

तात्पर्य : व्यसन सुटायला मनाचा निग्रह लागतो, असं तुम्हाला शाळेत सांगतील. खोटं आहे. निग्रह शेजाऱ्यांना असू द्यावा. आपल्याला फक्त विडी मिळता कामा नये. बाकी आजाऱ्याला सोबत करणं हे मोठं पुण्य आहे, ते जरूर करा. पण डॉक्टरसमोर बसताना जागा मधली धरा.